अचानक बंद पडलेला संगणक : व्हायरसचा संशय आणि निदानाची दिशा

चालू काम अर्ध्यावर असताना संगणक बंद पडतो, पडदा निळा होतो किंवा यंत्र पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होत राहते. अशा वेळी घरात आणि कचेरीत पहिला शब्द निघतो तो ‘व्हायरस’, आणि दुरुस्तीच्या दुकानात त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो तो ‘फॉरमॅट’. संशय आणि उपाय यांच्या मध्ये निदानाची जी पायरी असते, ती घाईत गाळली जाते. तिची किंमत थोडी नसते. टॅलीचा वर्षाचा हिशेब, प्रबंधाचा कच्चा खर्डा, गेलेल्या माणसांचे फोटो अशा गोष्टी त्या घाईत कायमच्या जातात.

अचानक आलेल्या बिघाडामागे व्हायरस आहे की दुसरे काही, हे ठरवायचे कसे, यावर जाणकारांमध्ये गेली तीस-चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. त्या चर्चेची पार्श्वभूमी, तिच्यातले मुख्य मतप्रवाह, एकमताचे मुद्दे आणि अजून न सुटलेले प्रश्न यांचा हा आढावा आहे. घरोघरी आणि छोट्या व्यवसायांत विंडोजचाच वापर जास्त असल्याने उदाहरणे मुख्यतः तिथली घेतली आहेत.

संशयाचा इतिहास

संगणक बिघडला म्हणजे व्हायरस, हे समीकरण हवेतून आलेले नाही. लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि त्यात या भावांचा पत्ता व फोन नंबरही होता. १९९२ मध्ये ‘मायकलअँजेलो’ ६ मार्चला लाखो संगणकांच्या हार्डडिस्क पुसून टाकणार, अशी जगभर धास्ती पसरली. प्रत्यक्षात फटका बसलेल्या यंत्रांची संख्या हजारांत राहिली, पण भीती मनात बसली. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ किंवा ‘चेर्नोबिल’ या व्हायरसने ती खरी करून दाखवली. त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग तर पुसलाच, शिवाय काही मदरबोर्डांच्या बायोस चिपमधला मजकूरही खराब केला. असे यंत्र सुरूच होत नसे.

ऑगस्ट २००३ मधल्या ‘ब्लास्टर’ने हे समीकरण सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आणले. इंटरनेट जोडले की थोड्याच वेळात एक चौकट उघडायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. यंत्र बंद पाडणे हा ब्लास्टरचा उद्देश नव्हता. समोर विंडोज एक्सपी आहे की विंडोज २००० याचा तो अंदाज बांधायचा. तो अंदाज चुकला की विंडोजची एक आवश्यक सेवा कोसळायची आणि तिच्यामुळे अख्खे यंत्र रीस्टार्ट व्हायचे. ज्या त्रुटीतून तो शिरायचा, तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, जुलैतच निघाला होता. पुढच्याच वर्षी ‘सॅसर’ने जवळपास तोच अनुभव दिला.

या इतिहासाचा एक धागा पुण्यात आहे. कैलाश काटकर यांचा तिथे दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा उपद्रव वाढत चालल्यावर त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. एक मोठी अँटिव्हायरस कंपनी दुरुस्तीच्या टेबलावरच्या गरजेतून जन्मली, यावरून त्या काळी या संशयात किती तथ्य होते ते कळते.

पुढे पेन ड्राइव्ह आले आणि त्यांच्याबरोबर ‘शॉर्टकट व्हायरस’ आला. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह द्यायचा आणि घरी येऊन पाहायचे तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट. मूळ फाइली बहुधा त्याच पेन ड्राइव्हवर शाबूत असत, फक्त लपवलेल्या. फाइली गेल्या असे समजून लोक पेन ड्राइव्ह फॉरमॅट करत, आणि खरे नुकसान तिथे होत असे.

व्हायरसचा बदललेला स्वभाव

नंतरच्या काळात व्हायरस लिहिणाऱ्यांचा हेतू बदलला. गंमत किंवा प्रसिद्धी मागे पडून पैसा पुढे आला. पासवर्ड चोरायचे, यंत्र दुसऱ्याच्या कामाला जुंपायचे किंवा बँकेच्या व्यवहारात शिरायचे, तर यंत्र चालू राहणेच सोयीचे असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, ते बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, घुसवून. अशा हल्ल्याची चाहूल निळ्या पडद्यावर लागत नाही. आजचे जाणकार ‘क्रॅश झाला म्हणून व्हायरस’ हे गृहीत धरत नाहीत, त्याचे मुख्य कारण हे आहे.

त्याला अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ने जगभर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. एक्सपीवर मात्र तो पसरण्याऐवजी बहुतेकदा निळा पडदाच आणतो, असे संशोधकांना चाचण्यांत दिसले. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला त्याचा जबर फटका बसला, आणि त्या समूहाशी निगडित न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाजही थांबले. नॉटपेट्याची पद्धत या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. यंत्र अचानक रीस्टार्ट व्हायचे आणि काळ्या पडद्यावर ‘चेकडिस्क’ चालू असल्याचा मजकूर यायचा. डिस्क दुरुस्त होत आहे, वीज बंद करू नका, अशी सूचनाही असायची. खरे तर त्याच वेळी डिस्कवरची फाइलींची सूची कुलूपबंद होत असे. तेव्हाच वीज तोडली तर फाइली वाचण्याची आशा उरत असे. बिघाड आणि दुरुस्ती या दोन्हींचे सोंग मालवेअर घेऊ शकते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

यंत्राच्या अंगाने पाहिले तर

दुसऱ्या बाजूला हार्डवेअर आणि ड्रायव्हर यांच्याविषयीचा अभ्यास आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये मांडले की विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होत होते. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, ग्राफिक कार्ड यांसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम. ते प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये काम करतात, त्यामुळे त्यांची चूक सगळ्या यंत्राला भोवते.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडनोंदी तपासल्या. आठ महिन्यांत एकूण तीस दिवसांइतके प्रत्यक्ष काम केलेल्या यंत्रांत, प्रोसेसरशी संबंधित दोषामुळे क्रॅश होण्याची शक्यता १९० मध्ये एक इतकी निघाली. एकदा असा क्रॅश झालेल्या यंत्रात तो पुन्हा होण्याची शक्यता मात्र तीनात एकाच्या आसपास गेली. म्हणजे दुसऱ्यांदा तोच क्रॅश आला तर हार्डवेअरकडे वळायला सबळ कारण असते.

गुगलच्या २००९ च्या पाहणीत, सर्व्हरमधल्या रॅमच्या पट्ट्यांपैकी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत वर्षभरात चुका नोंदल्या गेल्या. त्याच कंपनीच्या २००७ च्या डिस्कविषयक पाहणीचा निष्कर्ष सावध करणारा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’ या स्वयंनोंद यंत्रणेच्या चार सर्वांत बोलक्या खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. ‘स्मार्ट’ वाईट सांगत असेल तर विश्वास ठेवावा, चांगले सांगत असेल तर निर्धास्त राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे याला धूळ, कोकणातली दमट हवा, विजेचा कमी-जास्त होणारा दाब आणि कच्चे अर्थिंग यांची जोड मिळते. दुकानात रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दिसणारे पाय खोडरबराने घासतात आणि पुन्हा बसवतात. कित्येकदा यंत्र लगेच सुरू होते, कारण संपर्काच्या जागी साचलेला थर निघतो आणि पट्टी नीट बसते. पंख्यात धूळ अडकून प्रोसेसर तापणे, एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) कमजोर होणे, मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगणे ही कारणेही रोजचीच. यातल्या कशालाही अँटिव्हायरस उपयोगी पडत नाही.

सीमारेषेवरची प्रकरणे

काही प्रकरणांत दोन्ही बाजूंचे अंदाज चुकले, आणि शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सुरक्षा पॅच बसवल्यावर अनेक एक्सपी यंत्रे निळ्या पडद्यात अडकली. दोष पॅचचा, अशीच सर्वांची समजूत झाली आणि कंपनीने त्याचे वितरण थांबवले. तपासाअंती निघाले की त्या यंत्रांत ‘अल्युरिऑन’ हा रूटकिट, म्हणजे प्रणालीत खोलवर दडणारे मालवेअर, आधीपासून लपलेला होता. कर्नेलमधल्या ठरावीक पत्त्यांवर तो अवलंबून होता. पॅचमुळे ते पत्ते हलले आणि यंत्र कोसळू लागले. तोवर निमूट बसलेला व्हायरस क्रॅशमुळे उघडकीला आला.

त्याच वर्षी २१ एप्रिलला उलटे घडले. मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या एका आवश्यक फाइलीलाच व्हायरस ठरवले, आणि त्या यंत्रांचे नेटवर्क जाऊन ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली. १९ जुलै २०२४ ची क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची घटना याच जातीची, पण कितीतरी मोठी. कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. भारतातल्या विमानतळांवर इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सदोष फाइल जेमतेम सव्वा तासात मागे घेतली गेली, पण बंद पडलेली बरीचशी यंत्रे माणसांनी एकेक करून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांसह चालणाऱ्या विंडोजमध्ये, नेऊन दुरुस्त केली. ज्यांच्या डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होत्या, त्यांना आधी रिकव्हरी की शोधावी लागली.

२०२४ मध्येच इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचा दोष समोर आला. जादा व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होत होती. वापरणाऱ्याला दिसायचे ते गेम कोसळणे किंवा ग्राफिक मेमरी अपुरी असल्याचा संदेश. लक्षण सॉफ्टवेअरचे आणि दोष चिपमधला. कंपनीने मायक्रोकोड दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच खराब झालेल्या चिपवर त्या दुरुस्तीचा उपयोग नव्हता.

तीन मतप्रवाह

पहिला मतप्रवाह पुराव्याला अग्रक्रम देतो. विंडोज प्रत्येक निळ्या पडद्याच्या वेळी एक कोड दाखवते आणि बहुधा ‘मिनीडम्प’ नावाची छोटी फाइल जपून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर आणि रिलायबिलिटी मॉनिटर यांत तारीख-वेळेसह नोंदी असतात. आदल्या दिवशी कोणता ड्रायव्हर बसला, कोणते अपडेट आले, हे तिथे वाचता येते. या मताचे लोक म्हणतात की नोंद वाचल्याशिवाय केलेली दुरुस्ती हा निव्वळ अंदाज असतो. अडचण अशी की या नोंदी वाचायला सराव लागतो आणि त्या फसव्याही असतात. ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नेहमी दिसणारी नोंद यंत्र नीट शटडाउन न होता बंद झाले एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

दुसरा मतप्रवाह आधी स्कॅन करा असे सांगतो. व्हायरस असलाच तर मिनिटामिनिटाला नुकसान वाढते, आणि स्कॅन करायला विशेष ज्ञान लागत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. विंडोज ८ पासून डिफेंडर हे अँटिव्हायरस अंगभूत आहे, आणि त्याचा ऑफलाइन स्कॅन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच चालत असल्याने लपलेला रूटकिटही सापडण्याची शक्यता वाढते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र यासाठी मोफत साधने देते. आक्षेप असा की डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर तासन्‌तास चालणारा स्कॅन तिचा शेवट लवकर आणतो. शिवाय ‘काही सापडले नाही’ हा अहवाल यंत्र स्वच्छ असल्याची हमी देत नाही.

तिसरा मतप्रवाह सरळ फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्याचा. दुकानातला हा शॉर्टकट आहे असे समजून त्याला कमी लेखू नये. एकदा घुसखोरी झालेल्या यंत्रातल्या कोणत्याच साधनाच्या उत्तरावर विसंबता येत नाही, म्हणून ते पुसून नव्याने उभारावे, असे सुरक्षा क्षेत्रातील अनेक नामवंत सांगत आले आहेत. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराचे गणितही समजण्याजोगे आहे. निदानाच्या तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, चालू यंत्राचे देते. विरुद्ध बाजू अशी की कारण हार्डवेअरमध्ये असेल तर फॉरमॅटनंतर आठवड्याभरात तोच क्रॅश परत येतो. हल्ला झाला असेल तर त्याचा पुरावाही पुसला जातो. आणि जुन्या टॅलीचा डेटा, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरची नोंदणी, आउटलुकची ईमेल-फाइल बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच असते, हे फॉरमॅट झाल्यावर आठवते.

जिथे एकमत आहे

मतभेद असले तरी पहिल्या तासात काय करावे यावर जाणकारांचे बरेच एकमत आहे. पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलने फोटो काढावा. खंडणीची मागणी, फाइलींची बदललेली नावे, न केलेले बँक व्यवहार किंवा आपोआप बंद पडलेले अँटिव्हायरस अशी खूण दिसली तर इंटरनेट आणि पेन ड्राइव्ह लगेच काढावेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये.

त्यानंतर डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. शक्यतो पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून यंत्र सुरू करावे, म्हणजे बिघडलेले विंडोज मध्ये येत नाही. मग यंत्र सेफ मोडमध्ये चालवून पाहावे. तिथे ते स्थिर राहिले तर संशय ड्रायव्हर, नवे सॉफ्टवेअर किंवा मालवेअर यांच्याकडे झुकतो. तिथेही कोसळले तर हार्डवेअरकडे. हा कल असतो, निर्णय नव्हे. पुढे ऑफलाइन स्कॅन, रॅमची रात्रभर चाचणी, डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद, तापमान आणि एसएमपीएस असे एकेक तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर यंत्र कशामुळे सुरू झाले हेच कळत नाही. मालवेअर सापडले असेल तर पासवर्ड बदलावेत, पण दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून.

आणखी एका गोष्टीवर दुमत नाही. ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे सांगणारा पडदा ही फसवणूक असते. फोन उचलणारा माणूस इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांच्या नोंदी दाखवतो, आणि धडधाकट यंत्रातही अशा नोंदी असतातच. अशा टोळ्यांवर सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’अंतर्गत कारवाई केली आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न तत्त्वाचा आहे. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणे अशक्य आहे, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले. त्यामुळे स्कॅन कितीही सुधारला तरी शंका उरणारच. ती किती उरली म्हणजे फॉरमॅट करावे, याचा सर्वमान्य निकष नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षा सॉफ्टवेअरच्या जागेचा. अँटिव्हायरसला कर्नेलमध्ये प्रवेश असावा का? प्रवेश असला तर त्याची चूक यंत्र पाडते, नसला तर खोलवर दडलेले मालवेअर त्याला दिसेलच असे नाही. क्राउडस्ट्राइकनंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा साधने कर्नेलबाहेर चालवण्याची तयारी सुरू केली. काही कंपन्यांना त्यात संरक्षण कमी होण्याची आणि स्पर्धेत मायक्रोसॉफ्टलाच फायदा होण्याची भीती वाटते. हा वाद चालू आहे.

तिसरा प्रश्न फॉरमॅटच्या मर्यादेचा. २०१८ मध्ये उघडकीला आलेला ‘लोजॅक्स’ मदरबोर्डाच्या यूईएफआय (बायोसची पुढची पिढी) चिपमध्ये बसत होता, विंडोज नव्याने टाकूनही तो जात नसे. असे मालवेअर दुर्मीळ आहे, पण ‘पुसले की संपले’ या समजुतीला त्याने तडा दिला.

चौथा प्रश्न आपल्या रोजच्या व्यवहारातला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ च्या अटी न पाळणारी असंख्य यंत्रे अजून कामात आहेत. जुन्या यंत्रात हार्डवेअरचे बिघाड वाढतात, आणि पॅच थांबले की व्हायरसचा धोकाही वाढतो. म्हणजे दोन्ही संशय एकाच यंत्रावर एकत्र येणार, आणि निदान आणखी अवघड होणार.

सगळा पुरावा समोर ठेवला तर एवढे म्हणता येते : अचानक आलेल्या क्रॅशमागे पहिला संशय आज ड्रायव्हर, अपडेट आणि हार्डवेअर यांच्यावर घ्यावा, व्हायरसची शक्यता तपासून मगच बाजूला ठेवावी, न तपासता नव्हे. संगणक दुकानात देताना दोन गोष्टी आवर्जून सांगा. आधी माझा डेटा उतरवून घ्या, आणि दुरुस्तीनंतर बिलावर बिघाडाचे कारण लिहून द्या. आणि यंत्र चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा.